मैत्रिणींचं खोकं

पारनेर स्टँडवर विजयाबाईंचे डोळे बसकडं होते, पण कान मागच्या बाकावर. तिथं दोन शाळकरी मुली एका मोबाईलवर वाकल्या होत्या. त्यातल्या माधुरीनं संगणकाच्या तासाला पडद्यावरचे आज्ञांचे ठोकळे जोडून गेम केला होता. वर्गातल्या मुलींचे चेहरे ओढून ‘मैत्रिणी’ नाहीतर ‘बाकीच्या’ यांतल्या बरोबर खोक्यात टाकायचे.

“माधुरे, देवश्रीला ‘मैत्रिणी’त टाकलं तर चूक दाखवतंय.”

“चूकच हाय ती.”

“लई चांगली हाय. रोज डब्यातलं देती मला.”

“म्हणूनच.”

“अन् पल्लवी? तीबी ‘बाकीच्या’त?”

“व्हय.”

“मग ‘मैत्रिणी’त बसतं तरी कोण?”

“भारते, तुझा चेहरा टाक की.”

“अगं, बसला! टाळ्या वाजल्या!”

“आता बाहेर काढून दाव.”

“...निघत न्हाई गं.”

“तसा ठोकळा मी लावलाच न्हाई.”