जुन्या वळणाचं राज्य

हसान तं चहा नाही भेटनार, आधीच सांगून ठेवते. माही धाकटी जाऊ अमेरिकेत राह्यते. तिच्या नवऱ्याले दोन राज्यांत नोकरी भेटून राह्यली होती, तं तिनं मले फोन केला.

"ताई, एक राज्य खुल्या विचाराचं हाय. कोनी कोनाले काही इचारत नाही. दुसरं जुन्या वळणाचं. देवधर्म करनारे लोक, मतं बी तशाच पुढाऱ्याले देतात. कुठी जाऊ?"

इकडं मी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर दातात धरून भाकरी थापून राह्यली होती. पोटात असं जळलं माह्या! इले निवडाले दोन-दोन राज्यं, अन् मले आमच्या किन्हीराजा गावातून जवळच्या मालेगावले जायचं तरी घरात इचारा लागते.

म्हटलं, "जुन्या वळणाचंच घे वो माय. लय सुख असते त्यात." कळू दे म्हटलं इलेबी.

तिनं ऐकलं ना बाप्पा! महिन्याभरानं व्हिडिओ कॉल आला. बाई जीन्स घालून, पाय पसरून अंगणात खुर्चीवर बसली होती अन् नवरा मागं कणसं भाजून राह्यला होता.

"ताई, इकडचे लोक लयच जुन्या वळणाचे हायेत वो!"

"हो, दिसून राह्यलं," मी म्हटलं.

मामाजी, म्हंजे माहे सासरे, माह्या मागून फोनात पाहून राह्यले होते. लय खूश झाले. "पाह्य, धाकटी कशी शहाणी! परदेशात बी वळण पाहून राह्यली."

मंग माह्याकडं पाह्यलं अन् म्हनले, "तुहा पदर पडला."