बोरखिंडीतला वायरमन

ऐका. जरा सरकून बसा, कंदील बारीक करा. हे मी जालिंदर कोळेकराच्याच तोंडून ऐकलंय.

जालिंदर वायरमन. आपल्या भागात नवाच बदलून आलेला. एका रात्री फोन आला, बोरखिंडीपलीकडच्या वाडीत लाइट नाही. गडी निघाला. फटफटी खिंडीच्या तोंडाशी लावली, पुढं पायवाट. पायात रबरी बूट, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, पिशवीत रबरी हातमोजे. तिथल्याच डीपीचा फ्यूज काढला, लाइन बंद केली, आणि लागला चालायला.

ओढ्याला एक माणूस बसलेला. खाकी सदरा.

"नवा का तू? मी दाजी. आधी ही लाइन मीच बघायचो. चल, खांब दावतो."

बरं वाटलं हो जालिंदरला! अंधारात सोबत कुणाला नको?

"बूट काढ," दाजी म्हणाला. "पाणी शिरलं की जड हुत्यात."

काढले. काठावर ठेवले.

चढण लागली. "डोकं उकडत न्हाई व्हय? हितं कोण बघतंय तुला?"

घाम तर निथळतच होता. हेल्मेट एका फांदीला अडकवलं.

आता बघा, एवढी चढण, पण दाजीला धाप नाही. पावलांचा आवाज नाही. जालिंदरच्या ते ध्यानात आलं होतं. पण म्हणाला, असेल पायाखालची वाट.

खांब आला. "पट्टा कशाला रं? पाच मिनटांचं काम."

जालिंदर थबकला. का कुणास ठाऊक, पण पट्टा त्यानं सोडला नाही. वर चढला, पट्टा खांबाला आवळला, हातमोजे घातले. तार निसटली होती. पाना लावला.

"मोजं काढ. असल्यानं नट घावतोय का? लाइन तूच बंद केलीस की."

पटलं! डावा मोजा निम्मा ओढलाही. आणि मग उमगलं. आवाज खालून येत नव्हता. कानाशी येत होता!

मान वळवली. दाजी शेजारी उभा. जमिनीपासून वीस फूट वर. कशाला धरलेलं नाही, पायाखाली काही नाही. बाहीतून आलेले हात मनगटापर्यंत काळे, जळून कोळसा झालेले.

"काढ की रं," दाजी मायेनं म्हणाला. "मीबी काढलं हुतं."

जालिंदरनं मोजा पोटाशी दाबून परत वर चढवला. चढवला आणि फाडकन उजेड झाला! वाडीत कुणीतरी जनरेटर चालू केला होता. त्याची वीज उलटी लाइनीत आली, आणि पाना तर तारेलाच टेकलेला. अनवाणी पाय सटकला. डोकं खांबावर आपटलं. पट्ट्यानं धरलं म्हणून गडी लोंबकळत राहिला.

ठिणग्या बघून वाडीची माणसं धावली. उतरवला. डोक्याला सात टाके पडले, पण हातांना फोडसुद्धा नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "दाजी कुठाय?"

 मग एक म्हातारा मेंढका बोलला. "दाजी ह्याच खांबावर गेला, बाबा. बारा वर्सं झाली. घाईचं काम हुतं. मोजं काढून खाली पिशवीत टाकलं हुतं."

तेव्हा सांगून ठेवतो, रात्री बोरखिंडीची वाट धरू नका. वायरमनला जावंच लागतं, त्याचा इलाज नाही. पण वाटेत कुणी गोड बोलून काही काढून ठेवायला सांगितलं, तर त्याच्याकडं बघायचं नाही, ओ द्यायची नाही. आपलं चालत राहायचं.