मधातच स्विच ओढू नका

माझं माहेर इच्छापूरचं, ताई, देवीच्या डोंगराखालचं. बाप केळीवाला, मशीन म्हणजे पान्याची मोटर, एवढंच मले माहीत. लग्न होऊन बुऱ्हाणपूरले आली तं इथं गल्लीभर लूमची खटखट, खटखट. मी तं रडलीच, म्हटलं मले झोप नाई येत. आमचे हे हसले, म्हने होईन सवय, पुढं लूम बंद पडली तं जाग येईन तुले. अन् तसंच झालं, काय सांगू तुम्हाले.

त्याईचं काम वेगळं व्हतं. लुगड्याचे काठ राहतात ना, कोयरी, वेल, मोर, ते हे कम्प्युटरवर बारीक बारीक चौकड्या भरून काढत. मंग त्याले जोडलेली मशीन पुठ्ठ्याच्या पत्त्याईले भोकं पाडे, ते पत्ते लूमवर चढले की तसाच काठ विणून निघे. मी बाजूले बसून पत्ते ओवे, पाहता पाहता माउस धरायले शिकली. कम्प्युटर तवाच जुना व्हता, आता तं पार म्हातारा. नवा घ्या म्हनतात लोक. पण भोकं पाडायची मशीन नव्याले जोडल्याच जात नाई, अन् त्याईचे जन्मभराचे काठ याच म्हाताऱ्याच्या पोटात.

आता सासूबाईचं सांगते, नाई तं पुढचं समजायचं नाई. त्याईची सारी जिंदगी लूमपाशी गेली. मशीनपाशी मानूस नाई तं मशीन बंद, हा त्याईचा कायदा. चा घ्यायले उठलं, ओढ स्विच. दारात कोनी आलं, ओढ स्विच. बिल काय तुझा बाप भरते? बाप तं केळी भरत व्हता ट्रकात, पण मी बापडी गुपचूप बंद करे.

मागल्या दिवाळीआधी आमच्या ह्याईले लकवा मारला. उजवा हात गेला अन् जबान अडकली. डोकं साबूत, सारं समजे, पण बोलायले तोंड उघडलं की शब्दच सापडे नाई. आम्ही साऱ्या मंग धावत, पानी? चा? उशी? गोळी? ते तोंड मिटून घेत अन् भिंतीकडं पाहत. दिवसभर भिंतीकडं.

त्याईच्या कामावर मी बसली. पण कम्प्युटरची मशीन अशी सुस्त, अशी सुस्त, एक काठ उघडायचा तं आतून नुसती करकर, करकर, तवर माझी डाळ शिजून जाय. लूमवाला शेठ म्हने, वहिनी, ऐसा कैसा चलेगा, मी काठ सुरतहून मागवतो. सासूबाई म्हने, भंगारात दे, खोली तरी मोकळी होईन. मी ह्याईच्या तोंडाकडं पाहिलं. तं ह्याईनंही मान हलवली, म्हंजे दे. ताई, ही मशीन गेली तं हा मानूस भिंतीकडून तोंड फिरवायचाच नाई, हे मले दिसत व्हतं.

म्हटलं एक डाव शकीलभाईले दाखवते. तेच दुरुस्ती करत आले आधीपासून. त्याईनं एक काठ उघडला, करकर करकर, लई वेळानं आला. बंद केला. तोच परत उघडला, तं आवाज नाई काई नाई, फटकन समोर! मी म्हटलं अगं बाई, हे काय? म्हने, भाभी, मशीन बूढ़ी है, बेवकूफ नहीं. एक बार ढूंढ के लाई तो थोड़ी देर पास में रखती है. तुम लोग घड़ी घड़ी बंद करके सब भुला देते हो.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. माळ्यावरची बरणी एक डाव उतरवली की आपण ओट्यावर ठेवतो ना, तसंच. हे बसले की दुपारपर्यंत उठत नसत, म्हनून त्याईची मशीन पळे. मी दुधाले उठे, कुकरले उठे, दर डाव स्विच ओढे, अन् दर डाव काठ बिचारा परत माळ्यावर चढे.

मी लालची, म्हटलं शकीलभाई, मंग सारंच जवळ ठेवून द्या ना. त्याईनं ती जवळ ठेवायची जागा वाढवून दाखवली, तं काठ काढायचा प्रोग्रामच रांगायले लागला. बरोबर आहे, साऱ्या बरण्या ओट्यावर मांडल्या तं पोळी कुठी लाटू? मंग बेताची ठेवली. अन् जाता जाता म्हने, तुम जो बनाती हो वो भी पहले वहीं रुकता है, बाद में अंदर जाता है, इसलिए लाल बत्ती टिमटिमाती हो तो बीच में स्विच मत खींचना.

सासूबाईशी मी पहिल्यांदा भांडली त्या दिवशी. स्विचवर चिकटपट्टीच लावली. म्हटलं बिलाचं मी पाहून घेईन, मधातच स्विच ओढू नका! अन् शेठचा काठ वेळेत गेला, ताई.

पण खरं तं पुढंच आहे. एका सकाळी मी पहिला काठ उघडत व्हती, करकर चालू. हे मागं खाटेवर. त्याईनं तोंड उघडलं, को... को... माझ्या जिभेवर आलंच व्हतं, कोमट पानी पाहिजे का. अन् ती करकर कानात. मनातच म्हटलं, सुलोचने, या यंत्रापाशी थांबतेस अन् नवऱ्यापाशी थांबत नाईस? मी पदर दातात धरला. लई वेळ गेला, बाई. त्याईच्या कपाळाले घाम. मंग आलं, कोयरी... उलटी.

पाहते तं खरंच, काठात कोयरी मी उलटी बसवली व्हती! मी हसू का रडू? दुसऱ्या दिवशी कोयरी म्हनायले त्याईले अर्धाही वेळ लागला नाई.

आता सकाळी ते स्वतः खुर्चीत बसतात, डाव्या हातानं चौकड्या भरतात. वाकड्या येतात, मी नीट करते. परवा तं सासूबाईसमोर बोलायले लागले, मा... मा... मी पाहिलं, म्हातारीनं दोन्ही हातानं तोंड दाबून धरलेलं, डोळे भरलेले, पण एक शब्द नाई काढला. मंग आलं, माय, चा... फिका झाला.

म्हातारीनं रडत रडत साखर टाकली, टाकतच राहिली.

देवी तुमचं भलं करो, ताई. तुमचाही चा सासूबाईनंच केला आहे आज. काकवी झाला असन, पण पिऊन घ्या, काई म्हनू नका त्याईले.