हिरवा चौक

सकाळचे पावणेसात, धुळ्याबाहेर महामार्गावरचा चौक. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनअक्का सायकलवरून उतरून थांबल्या होत्या.

"अक्का, का उतरलात?" मी विचारलं.

"भाऊ, माले मरानं शे का? आठे बठ्ठा उतरीच जातस." खरंच, तिथे सगळेच सायकल हातात धरून उभे होते.

गतिरोधकावर ट्रक जरा मंदावला, तेव्हा आम्ही धावत पलीकडे गेलो.

ऑफिस उघडताच मी रस्ते विभागाच्या साहेबांकडे गेलो. सायकलवाल्यांच्या मोबाइलमध्ये यांनीच ॲप टाकलंय. लोक कुठे करकचून ब्रेक दाबतात, ते त्यात नोंदवलं जातं. त्यांच्या मते तीच धोक्याची जागा.

साहेब म्हणाले, "तुमचा चौक नकाशात हिरवा आहे, म्हणजे सुरक्षित. तिथे कोणी ब्रेकच दाबत नाही. गतिरोधक काढतोय."

"अहो, ब्रेक दाबायला सायकलवर बसावं लागतं! लोक भीतीने उतरून पायी जातात तिथे!"

"पायी जाणारे आमच्या ॲपमध्ये येत नाहीत."

आणि काढला हो गतिरोधक! काल अक्कांसोबत पुन्हा तिथेच उभा होतो. एकही ट्रक मंदावेना. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. "भाऊ, आते कसं जावानं?"

साहेबांना मी हेच लेखी विचारलंय.