तास नको, घोट सांग

“हॅलो?… हॅलो, कोण?… अहो जरा मोठ्यानं बोला, इथं मोटार चालू आहे!… कोण?… अगं सूनबाई होय! अगं मी बोलतोय, मी. सासरा तुझा… नाही, तुझ्या सासूचाच फोन आहे हा. विसरली ना. सकाळच्या बसनं निघाली तुझ्याकडं, आणि फोन माझ्या दुकानात, नटबोल्टच्या डब्यावर. चार पिशव्या घेतल्या, झबली घेतली, बाळाची टोपडी आठवणीनं घेतली, आणि हे राहिलं… संध्याकाळी पोचेल. सहा वाजतील.”

मिस्त्रीनं फोन दोन बोटांत धरला होता. बाकीची बोटं ग्रीसनं काळी. चाळीस वर्षं झाली पाण्याचे पंप दुरुस्त करतोय, हात कधी गोरे दिसलेच नाहीत. समोर टेबलावर बेकरीवाल्याची मोटार उघडी पडलेली, आणि बेकरीवाला स्टुलावर बसून दर दोन मिनिटांनी घड्याळाकडं बघणार.

“नाही, ठेवू नकोस. काय काम होतं?… काही नाही म्हणजे? काही नाही म्हणून कुणी भर दुपारी फोन करतं होय?… बायकांचं आहे. हां. बरं बरं. मग… मग संध्याकाळी बोल तिच्याशी. ठेवू?”

ठेवलाच होता जवळजवळ. पण तिकडून एक नाक ओढल्याचा आवाज आला. मिस्त्रीचे डोळे गेलेत अर्धे, कान मात्र शाबूत. बेअरिंग घासायला लागलं की रस्त्याच्या पलीकडून सांगतो.

“सूनबाई… रडतेस का?… सर्दी? सर्दीचा आवाज मला कळतो. तो कुठाय, आमचे चिरंजीव?… कामावर. आणि फोन कपाटात ठेवून घेतात तिथं. बरं. म्हणजे घरात तू आणि बाळ, दोघंच… मग सांग की मला. लाजायचं काय त्यात?… हे बघ, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. चालेल? हां, राहिलो. आता मी काय सासरा नाही, खांब आहे असं समज. बोल.”

आणि खरंच राहिला उभा, भिंतीवर पंपाचे पट्टे टांगलेल्या खिळ्यांकडं तोंड करून. बेकरीवाला बघतच राहिला.

“हां… बाळ… हां… अंगावर… कळलं, कळलं, पुढं बोल… किती वेळ?… तासभर? एका वेळेला तासभर?… आणि मग दोन तासांनी परत तासभर… वहीत लिहितेस? उजवीकडं पस्तीस मिनिटं, डावीकडं तीस. अरे वा! एवढा हिशोब तर मी दुकानाचा ठेवत नाही! अगं मग रडतेस कशाला? पहिलवान होणार आहे पोरगा! सहा दिवसांचा जेमतेम झाला आणि तासतास पितोय. काल मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, आमचा नातू रडत नाही, किरकिरत नाही, नुसता पितो आणि झोपतो…”

मिस्त्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो?… आहेस ना?… काय म्हणालीस?… परत सांग… उठवलं तरी उठत नाही?

उठत नाही म्हणजे कसं? डोळे उघडतो आणि परत मिटतो, की उघडतच नाही?… तळपायाला बोट लावलंस?… ओलं फडकं लावलंस?… आणि?… जरासं तोंड वाकडं केलं आणि परत झोपला.

बरं. तू घाबरू नकोस. मी विचारतो तेवढं सांग. लंगोट किती ओले झाले?… आज नाही, कालपासून धर. काल सकाळपासून… दोन. आणि आज?… एक. त्यात पण थोडंसंच… डाग कसला?… विटकरी? विटेच्या रंगाचा?… हं.”

मिस्त्री भिंतीकडून वळला. स्टूल ओढलं, बसला. मागं पाण्याच्या टाकीत दुसरी मोटार तपासणीला लावलेली, ती घुरघुरत होती.

“बंद करा ती!… तुला नाही गं, इथं बेकरीवाले आहेत… अहो बंद करा म्हणतोय ना! ते लाल बटण!… हां. सूनबाई, ऐक. बाळाला घे जवळ. लाव परत… अगं झोपला असला तरी लाव. झोपेत ओढतो म्हणालीस ना?… आता फोन धर त्याच्या गळ्यापाशी… अगं बाई, बघणार कसा मी? बटणांचा फोन आहे हा, ह्यात नुसता आवाज येतो! ऐकणार आहे मी. कान लावून काम करायची सवय आहे मला. धर.”

बेकरीवाल्यानं बटण दाबलं आणि दुकान एकदम गप्प झालं. मिस्त्रीनं डोळे मिटले. चुट चुट चुट चुट… भराभर, उथळ. मध्येच नुसता टाळूचा टक्. परत चुट चुट चुट. मिस्त्रीनं एक बोट वर करून ठेवलं होतं, घोट आला की दुमडायचं. मिनिट गेलं. दुसरं गेलं. बोट तसंच वर.

“बास. घे फोन… सूनबाई, एक विचारतो, राग मानू नकोस. तुला… म्हणजे भरून येतं का? दुखतं, दगडासारखं होतं, असं?… होतं. कपडे भिजतात?… रात्रीत दोनदा बदलावे लागतात. मग झालं! दूध कमी आहे कोण म्हणालं तुला?… तूच म्हणतेस. नाही कमी. मी सांगतो काय आहे ते. लोक माझ्याकडं येतात, म्हणतात मिस्त्री, मोटार सकाळपासून चालू आहे. खरंच असते चालू. विहिरीत पाणी असतं, मोटार फिरत असते, आणि टाकी कोरडी. उचलतच नाही पाणी. हवा धरलेली असते. तसं आहे हे. तुझ्या वहीत लिहिलंय ते खोटं नाही. पण ते मोटार चालू असल्याचे तास आहेत गं. पाणी किती चढलं, ते वहीत नाहीच… मला तास नको सांगू, घोट सांग. गळ्यातून खाली किती गेलं?… नाही माहीत. मला पण नाही ऐकू आलं. एक सुद्धा नाही.

आता उजेडात जा खिडकीपाशी. डोळ्याची पापणी हळूच वर कर. पांढरं आहे तिथं बघ… पांढरंच आहे ना?… सूनबाई?… पिवळं. किती पिवळं?… छातीवर पण?

ऐक. दवाखान्यात जायचं. आत्ता… संध्याकाळी नाही. सासू यायची वाट बघायची नाही. आत्ता म्हणजे हा फोन कानाला असताना… का?… कोण हसलं?

काउंटरवरची हसली? काल?… ‘पहिलटकरणींचं असंच असतं, सोमवारी या’… असं म्हणाली. आणि बाकीच्या पण हसल्या.

हसू देत. परत हसल्या तर फोन माझ्याकडं दे… अगं मी पण हसलो ना काल. तू म्हणालीस, बाबा, फार झोपतो हो, आणि मी हसलो. म्हणालो आजोबावर गेलाय. आठवतंय मला… नाही, बोलू दे. तू काल विचारत होतीस आणि मी चेष्टा केली. चूक झाली माझी. आता परत नको व्हायला. ऊठ.

वरच्या मजल्यावर ती शिवणकाम करणारी आहे ना? हाक मार तिला… झोपली असेल तर दार वाजव! लाथ मार दाराला!… फोन ठेवू नकोस. खिशात टाक, पदरात बांध, काय करायचं ते कर, चालू ठेव. आणि वही घे बरोबर.”

मग बराच वेळ मिस्त्रीला नुसतं घर ऐकू येत राहिलं. दाराची कडी. जिना. एक बाई, “अगोबाई, रंग बघ की पोराचा!” मग चपला, चपलाच चपला, भराभर. एक हॉर्न. बेकरीवाल्यानं हातानंच विचारलं, काय झालं? मिस्त्रीनं हातानंच सांगितलं, गप्प. बेकरीवाल्यानं घड्याळ बाहीच्या आत ढकललं आणि बसून राहिला.

“कुठं पोचलात?… कोपऱ्यावर. चल, चल. धाप लागली तरी चालेल. तान्हं तिच्याकडं दे थोडा वेळ… नाही देणार? बरं, तूच घे… त्याच्याशी बोलत जा चालता चालता. काहीही बोल… नाव नाही ठेवलं तर काय झालं, बाळ म्हण. आमच्यात अजून मला पण बाळ म्हणणारी एक आत्या आहे, नव्वदीची…

आलात?… काय म्हणतेय?… नंबर? सतरावा नंबर? दे तिला फोन. दे म्हणतो ना!”

मिस्त्री उभा राहिला. नंतर बेकरीवाल्यानं सगळ्यांना सांगितलं, हा माणूस तासाभरापूर्वी भिंतीकडं तोंड करून ‘अंगावर’ म्हणताना कानापर्यंत लाल झाला होता. आता रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलत होता.

“हॅलो, बाई, नमस्कार. मी पोराचा आजोबा… मला ठाऊक आहे नंबर आहेत. एक मिनिट ऐका, मग सतरावा द्या नाहीतर सत्तरावा द्या. सहा दिवसांचं पोर आहे. अंगावर पितंय. तासभर ओढतंय, पण घोट उतरत नाही, मी ऐकलंय कानानं. आईला दूध आहे, छाती दगड झालीय तिची. कालपासून तीन लंगोट ओले, एकावर विटकरी डाग. छातीपर्यंत पिवळं झालंय. उठवलं तर उठत नाही… हो, उठत नाही म्हणालो. बघा की तुम्हीच, तुमच्या समोर आहे ते. जरा बोट लावून बघा त्याच्या पायाला. हसायचं नंतर हसा.

…हॅलो?… बाई?… हॅलो?”

तिकडं खुर्ची सरकली. “सिस्टर!” अशी हाक गेली. मग फोन कुठंतरी टेबलावर टेकला असावा, कारण लांबून नुसती पावलं, चाकांचा एक गाडा, दार. मिस्त्री फोन कानाला लावून उभाच. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. बेकरीवाल्यानं पाण्याचा पेला पुढं केला, तो तसाच हातात राहिला.

“हां, बोला, बोला सिस्टर… हो, आजोबाच. पंपवाला… वजन? जन्माला तीन किलो होतं, सगळ्यांना सांगितलंय मी… आता किती?… अडीच.

अडीच. पाव किलो नाही, अर्धा किलो गेला… हो, थोडं उतरतंच म्हणता. पण एवढं नाही… रक्त तपासताय. बरं. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवणार… सुई लावणार. हाताला? एवढासा हात… हो, लावा, लावा, मला काय विचारायचं. आणि दूध? डब्यातलं?… तिचंच? काढून? निघालं का?… अर्धी वाटी! एका बाजूचं! सांगितलं तिला? जरा मोठ्यानं सांगा. दोन दिवस ती स्वतःला कोसतेय… आणि चमच्यानं गिळतोय?… थोडं बाहेर येतंय. पण गिळतोय. हळूहळू द्या. गडबड नको.

सिस्टर… वाचेल ना?

…हं. आत्ता सांगता येणार नाही. रात्र जाऊ दे म्हणता… नाही नाही, बरं केलंत. गोड बोलला असतात तर मला झोप लागली नसती… दिवसभर उशीर झाला असता तर?… बरं. नका सांगू. कळलं.”

त्यानं पेला टेबलावर ठेवला. खाली बसला.

“हॅलो… हां, सूनबाई. बोल… रड आता, रड. आता रडायला हरकत नाही, माणसं आहेत तिथं… तुझं काय चुकलं? तू लिहीत होतीस, विचारत होतीस, सगळ्यांना विचारत होतीस. ऐकणारे आम्ही… नाही गं. सासूला बोल नको लावूस आता, दाराला कुलूप बघून ती पण घाबरलेली असेल. शिवणवाली तिला तिकडं घेऊन आली की फोन लाव, मीच सांगतो तिला. मी पण निघतोय, पाचची गाडी आहे… बेकरीवाले? ते थांबतील. थांबता ना हो?… मान हलवतायत… म्हणतायत पोराला बघा आधी, पाव उद्या भाजेन.

काय?… परत अंगावर घेईल का?… घेईल. तोंड कसं लावायचं, कसं धरायचं, ते शिकवतात तिथं. सिस्टर म्हणाल्या, पुष्कळ पोरांचं असं होतं, नंतर जमतं सगळं. मला त्यातलं काही येत नाही, त्यांना येतं. त्यांना विचार. दहादा विचार.

…किती दिवस?

ते मला माहीत नाही, पोरी… नाही माहीत. काल सगळं माहीत असल्यासारखा बोललो होतो तुझ्याशी. आज नाही बोलणार… हो… हो. येतो मी… जा तू आत, त्याला कळू दे आई आहे म्हणून. हाताशी हात लाव… ठेव. नाही, आधी तू ठेव… ठेव गं. फोन धरून बसलीस तर हात कुठला लावशील त्याला?… हां. जा.”