पन्नासावी सही

तुम्ही हसाल, पण सिंगापूरला आल्यावर मी केलेलं पहिलं समाजकार्य म्हणजे एक खोटी सही पकडली, आणि ती माझीच निघाली.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गोखलेकाका जेवणाआधी तासभर भाषण करायचे. वैतागून काही जणांनी त्यांना हटवायचा अर्ज काढला. त्यावर पन्नास सभासदांच्या सह्या हव्या होत्या. त्या गोळा करायचं काम माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या मित्राने घेतलं. दर दहा सह्यांमागे दिवाळीच्या जेवणाचं एक कूपन फुकट, असं ठरलं होतं. या मिलिंदने चार दिवसांत पन्नास सह्या आणल्या!

तोआ पायोह भागातल्या एका हॉलमध्ये सभा भरली. काकांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि थेट माझ्याकडे आले.

"सूनबाई, माझं भाषण तुलाही खुपतं?"

पन्नासाव्या ओळीत झोकदार सही होती, सौ. मधुरा निखिल जोशी.

"काका, ही माझी सही नाही. मी नाव बदललेलंच नाही. पासपोर्टवरसुद्धा मधुरा सानेच आहे."

मिलिंद गडबडला. "वहिनी, मला वाटलं, लग्नानंतर बदललं असेल. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

"मग विचारायचं तरी!"

"विचारलं ना, निखिलला!"

निखिल छताचा पंखा न्याहाळू लागला. काका मात्र खुलले. "म्हणजे एकोणपन्नासच! अर्ज बाद!" असं म्हणून त्यांनी भाषणासाठी माईक उचलला.

मी म्हटलं, "काका, एक मिनिट, पेन देता?"

त्यांच्याच पेनाने ती ओळ खोडली आणि खाली सही केली, मधुरा साने.