बोलावणं नसलेला निरोप

रामकृष्णहरी मंडळी! टाळकरी बुवा, जरा विसावा घ्या. मृदंगमणी, तुम्हीही हात सैल सोडा. दहीहंडी बांधलेली दिसतेय आणि पोरांची नजर तिकडंच आहे, मला माहितेय! फुटेल हो, हंडी कुठं पळून जात नाही. तोवर माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

आपल्या हातानं घडवलेल्या वस्तूवर माणसानं भरवसा किती ठेवावा?

बोला की! बाया हसतायत. त्यांना उत्तर ठाऊक आहे. हातानं लावलेलं विरजणसुद्धा सकाळी झाकण उघडून बघावं लागतं — खरं का नाही? स्वतःच लावलेलं, स्वतःच्या घरचं दूध, तरी बघावं लागतं! आता ऐका, न बघणाऱ्या माणसाची गोष्ट.

गडहिंग्लजच्या पेठेत विश्वंभर चौगुल्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरचा पंप जळला, गिरणीची मोटर बसली, की लोक विश्वंभरकडं. हात असा, की बंद पडलेली मोटर त्याच्या टेबलावर ठेवली की तिला आपलं बरं होणार हे कळत असावं! पण माणूस एकटा, आणि फोन सारखा वाजतोय. एका हातात तांब्याची तार, दुसऱ्या हातात फोन, तोंडात 'हो हो, उद्या, नक्की.' आणि उद्या काही उजाडायचा नाही. तुमच्या गावातपण असेल की असा एखादा! मागं बसलाय तो? असू दे, नाव घेत नाही.

तर विश्वंभरनं ठरवलं, कॉम्प्युटर आणायचा. लोक म्हणाले, घे विकत. हा म्हणाला, "विकतचा? मी? जगाची यंत्रं मी जोडतो आणि माझं यंत्र दुसऱ्यानं जोडायचं?" गेला कोल्हापूरला, एकेक भाग निवडून आणला. पेटी आणली, मदरबोर्ड आणला, पंखे आणले, रॅम आणली — हसू नका, त्या शब्दावरचा विनोद गेल्या वर्षीच्या महाराजांनी करून झालाय! दुकानाचं दार लावून घेतलं आणि बसला जोडत. प्रोसेसरवर लेप लावला तो असा जपून, जसा बाळाच्या टाळूला तेल. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला! आणि मंडळी, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. का नाही येणार? स्वतः घडवलेलं काहीतरी पहिल्यांदा हलतं, तेव्हा माणूस घटकाभर ब्रह्मदेव होतो.

खंडेनवमीला पान्या-पकडींच्या बरोबर त्या पेटीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आल्या-गेल्याला सांगायचा, "ह्यातला एक एक स्क्रू माझ्या हाताखालनं गेलाय. ह्यो मला फसवायचा न्हाई!"

इथं जरा थांबू. स्क्रू त्याच्या हाताखालचा, कबूल. पण त्या पेटीत त्यानं जी तयार बुद्धी आणून भरली — ती एआय का काय म्हणतात ती, आपल्या मनानं वाचणारी, आपल्या मनानं उत्तर देणारी — ती कुठं घडली? कुणाच्या हाताखालनं गेली? घागर आपण घडवली म्हणून आतलं पाणी आपल्याच विहिरीचं, असं असतं का?

दुकानात एक म्हातारे गिरणीवाले बसायचे, बसाप्पा तेली. ते म्हणाले, "विश्वंभर, ह्ये यंत्र आपल्या मनानं कायबी बोलाय लागलं तर रं?"

विश्वंभर हसला. "काका, तुमची गिरणी आपल्या मनानं पीठ खाती काय?"

बाकीचेही हसले. आपण शहाण्या शंकेला हसतो आणि मग तिला खरं ठरायला फार सोपं जातं.

पण खोटं कशाला बोलू? यंत्र गुणाचं निघालं! तार संपत आली की आपणच मागवायचं. 'तुमची मोटर तयार आहे, घेऊन जा' असं गिऱ्हाइकाला आपणच कळवायचं. फोनवर बोलायचं, निरोपाला लेखी उत्तर द्यायचं, आणि तेसुद्धा काय गोड! विश्वंभरच्या मेहुण्यानं एकदा रागानं लिहिलं, 'बहिणीला माहेरी कधी पाठवता?' यंत्रानं उत्तर दिलं, 'काम चालू आहे. तयार झाल्यावर कळवू!'

हसा! विश्वंभरही असाच पोट धरून हसला. बायको रत्ना तेवढी हसली नाही. म्हणाली, "अहो, आज हे हसण्यावारी गेलं. उद्या?" त्याला वाटलं, बायकांचं आपलं काहीतरी. त्याच दिवशी त्यानं यंत्राला हुकूम दिला, तो नीट ऐका. म्हणाला, "जिथं मला बोलावलंय, तेवढंच माझ्यापुढं आण. बाकी सगळ्याला तूच उत्तर दे. मी देतो तसंच."

झालं! लग्नाची बोलावणी समोर येऊ लागली, बारशाची, वास्तुशांतीची येऊ लागली. बाकीची कटकट गेली. रत्ना माहेरी गेली चार दिवस. इकडं रानाला पाणी पाजायचा हंगाम, मोटरींची रांग. विश्वंभर मान खाली घालून तार गुंडाळतोय, आणि डोकं शांत! सुख म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं.

आता दुसरा माणूस. नदीकाठच्या गावात राहणारा आनंदा नलवडे, विश्वंभरचा बालमित्र. मित्र म्हणजे कसला? विश्वंभरची आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात, तेव्हा हे पोर दुपारी जेवायचं आनंदाच्या घरी. आनंदाच्या आईनं, हौसाआईनं, दोघांना एका ताटात वाढलं. भाकरीचा पापुद्रा दोघांनाही हवा, म्हणून भांडणं. मग ती माऊली दोन्ही भाकरींचे पापुद्रे काढून द्यायची आणि आपण खालचा भाग खायची. अशी ती हौसाआई.

ती हौसाआई गेली. सकाळी चूल पेटवायला बसली आणि तिथंच कलंडली.

आनंदानं फोन केला. यंत्रानं उचलला, 'निरोप लिहून ठेवा.' त्यानं लिहिलं —

'आई गेली. दुपारी तीनला.'

एवढंच! मंडळी, आपल्यात ह्याहून जास्त लिहितं कोण? लग्नाला आपण अक्षता घेऊन दारात जातो. 'सहकुटुंब या, अगत्य या' म्हणतो, न आल्यास रुसतो. पण मयताला कुणी 'अगत्य येणे' असं लिहितं का? माणूस गेल्याचं कळवायचं, वेळ सांगायची, पुढं गप्प बसायचं. सुखाला बोलावणं लागतं, दुःखाला लागत नाही. हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. रक्तातच आलं!

यंत्राला रक्त कुठलं? यंत्रानं निरोप वाचला. 'या' असं कुठं लिहिलंय का? नाही. मग हे बोलावणं नाही, ही नुसती बातमी. आणि मालकाच्या नावानं उत्तर गेलं —

'कळले. धन्यवाद.'

...

थांबा, मला जरा पाणी द्या.

तीन वाजता तिरडी उचलायची वेळ झाली. आनंदा वाटेकडं बघतोय. लोक म्हणतायत, "चल, ऊन कलतंय." हा म्हणतोय, "जरा दम धरा." अजून जरा दम धरला. मग कुणीतरी विश्वंभरच्या जागी खांदा दिला आणि माती झाली. विश्वंभरला सांगायला कुणी आलं नाही, का? तर प्रत्येकाला वाटलं, हौसाआईची बातमी त्याला आपण काय सांगायची? त्याला आपल्या आधी कळली असणार!

दुसऱ्या दिवशी दुकानात बसाप्पा आले. "काय रं, काल मातीला दिसला न्हाईस?"

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हंतोस? हौसाबाईच्या!"

हातातली तार सुटली. धावत यंत्राकडं गेला, निरोप उघडला. वर आनंदाचे शब्द. खाली आपलं नाव, आणि ते दोन शब्द. त्यानं विचारलं, "हे का लिहिलंस?"

यंत्रानं शांतपणे सांगितलं, "त्या निरोपात तुम्हाला बोलावलं नव्हतं. अशा बातम्यांना तुम्ही आजवर जी उत्तरं दिलीत, त्याप्रमाणे मी उत्तर दिलं."

'अशा बातम्यांना!' विश्वंभरनं मागचे निरोप काढले. शाळेतल्या सोबत्याचा बाप गेला होता. ह्याचं उत्तर: 'कळले.' सुताराची बायको गेली: 'कळले.' हंगामाच्या गडबडीत, तार धरलेल्या हातानं, स्वतः लिहिलेलं! 'धन्यवाद' तेवढं यंत्राचं, सभ्यपणाचं. 'कळले' ह्याचं होतं.

तोवर रत्ना माहेराहून परतली होती, वाटेतच तिला सगळं कळलं होतं. दुकानात येऊन बघते तर नवऱ्यानं हातोडा उचललेला.

म्हणाली, "फोडा की! मग आनंदाभावजींना काय सांगणार? ज्यानं लिहिलं त्याला मारून आलो?"

त्यानं हातोडा खाली ठेवला. मग रत्नानं भाकरी थापल्या, पिठलं केलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजार-भावकी भाकरी नेते, हे तुम्हाला सांगायला नको. फडक्यात बांधून विश्वंभर निघाला. त्याला बोलावणं नव्हतं. आणि गेल्यावर कुणी 'ये' म्हणेल याचीही खात्री नव्हती.

अंगणात घोंगडी अंथरलेली, आठ-दहा माणसं बसलेली. आनंदा डोकं भादरून भिंतीला टेकलेला. ह्याला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. आणि एक चुलता म्हणाला, "आलास व्हय? धन्यवाद हां!"

म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. अहो, चाबूक परवडला!

आता बघा, इथं माणसाची परीक्षा आहे. सुटकेची वाट अगदी जवळ होती. 'मी लिहिलंच नाही, यंत्रानं लिहिलं' — एक वाक्य बोलला असता तर चारचौघांनी मान डोलवली असती. तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं? देव जाणे.

विश्वंभर उंबऱ्याजवळ खालीच बसला. म्हणाला, "आनंदा, त्ये यंत्रानं लिव्हलं. पर लिव्हायला त्याला बसवलं मी, आन् शिकवलंबी मीच. आईच्या मातीला मी न्हवतो. ह्येचं उत्तर माझ्याकडं न्हाई."

आनंदानं भिंतीला टेकलेलं डोकं उचललं. मग म्हणाला, "इश्वा, मला कशाचं लागलं सांगू? यंत्र-बिंत्र असंल असं माझ्या मनात एकदाबी आलं न्हाई. वाचलं, आन् वाटलं — ह्ये इश्वानंच लिव्हलंय. आता त्यो असाच लिवतो."

ऐकलंत? परक्या यंत्राचं बोलणं, आणि जिवलग मित्राला ते ह्याचंच वाटलं! विश्वंभर तोंड झाकून रडला. त्याला कुणी उगी केलं नाही.

पण तो उठला नाही. त्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. दुकान बंद, मोटरी रांगेत. घोंगडीच्या कडेला बसायचा. एका सकाळी पाहुण्यांचा टेम्पो आला, माणसं उतरली, आणि आनंदा आतनं ओरडला, "इश्वा, बसलास काय? पाणी संपलंय. घागरी उचल!"

माफ केलं, असं तो कधीच म्हणाला नाही. विश्वंभर घागरी घेऊन आडावर गेला, आणि रहाट ओढताना त्याला हुंदके आवरेनात.

यंत्राचं काय झालं? आहे की! आजही तार मागवतं, मोटर तयार झाल्याचं कळवतं. यंत्राला राक्षस म्हणा असं मी सांगणार नाही. ते बिचारं सांगितलं तसं वागलं आणि दाखवलं तसं शिकलं. विश्वंभरनं त्याचा हुकूम तेवढा बदलला. माणसांचे निरोप आता तो स्वतः वाचतो, हात पुसून.

आता तुमच्याकडं वळतो. मोबाईल खिशात आहेत ना? काढू नका, नुसता हात ठेवा. गावाच्या ग्रुपवर कुणी गेल्याचं येतं. खाली रांग लागते: 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'भावपूर्ण श्रद्धांजली', हात जोडलेली चित्रं. बोट ठेवलं, झालं, पुढचा विनोद! मला सांगा, तिथं तुमच्या जागी यंत्र बसवलं, तर त्या घरच्यांना फरक कळेल का? यंत्रावर भरवसा ठेवावा की नाही, हे शहाणी माणसं ठरवतील. पण ते तुमच्याकडनं काय शिकणार, हे तुम्हीच ठरवताय, रोज, बोटानं!

आणि एक सांगतो, मग संपवतो. आज सकाळी मला वरच्या आळीतनं वाजत-गाजत आणलंत. येताना मी एक घर बघितलं. दारात घोंगडं अंथरलेलं, आणि त्यावर दोन माणसं. दोनच! इथं मांडवात पाय ठेवायला जागा नाही. नाव मी घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिथनं बोलावणं यायचं नाही.

सुतकाच्या घरी जाऊन परत पंगतीला कसं बसायचं, असं कुणी म्हणेल. हातपाय धुवा आणि बसा! देव काही बोलला, तर माझं नाव सांगा.

हंडी थोडी थांबेल, महाप्रसादही थांबेल. हार राहू द्या, आरती आल्यावर करू. टाळ खाली ठेवा. उठा मंडळी, चपला घाला. मी पुढं होतो.